नसलेल्या सज्ज्याचा नकाशा

३ मार्च

रेघोटी,

नावाआधी काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतंच नाव लिहिलं. ‘प्रिय’ लिहून पाहिलं होतं, तो कागद फाडला. तीन वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही आणि आज पाठवते आहे ती काही ख्यालीखुशाली विचारायला नाही, तेव्हा उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही.

आपल्या रस्त्याखालचं गटार बदलताहेत. गेल्या सोमवारी खणत खणत ते आपल्या दारापर्यंत आले. मी कामावर उभी होते. जुन्या पेठेत कुदळ मारायची म्हटली तरी जतन अधिकाऱ्याने हजर राहायचं असतं, आणि ती अधिकारी अजून मीच आहे. आपल्या दाराच्या दोन पायऱ्या तुला माहीत आहेत. त्यांच्याखाली मातीत तिसरी निघाली. चांगली अखंड दगडाची, मधोमध झिजलेली.

आता तुला सांगायला नको, तरी सांगते. नळ घातले तेव्हा रस्ता हातभर वर उचलला आणि पेठेतल्या प्रत्येक घराची एक पायरी गाडली गेली. त्याच्या आधीची, ऐंशी वर्षांपूर्वीची मोजणी आपल्याकडे आहे. एकेचाळीस घरं, एकेचाळीस नकाशे. चाळीस नकाशांत दाराला तीन पायऱ्या आहेत. एकात दोन आहेत, आणि तो आपल्या घराचा आहे.

तोच नकाशा, जो आधी गहाळ होता आणि तू आमच्या ऑफिसात हंगामी असताना रेकॉर्ड रूममध्ये ‘शोधून’ काढलास. ‘ताई, आपल्या घराचा सापडला बघ, ओलीने दुसऱ्या गठ्ठ्याला चिकटला होता,’ म्हणत माझ्या टेबलावर ठेवलास. त्यात पहिल्या मजल्याला सज्जा होता. आईच्या खोलीच्या खिडकीबाहेर, बरोब्बर तिथेच.

आईचं कंबरेचं हाड मोडून तेव्हा सहा महिने झाले होते. जिना उतरायचा म्हटलं तर दोन माणसं लागायची, खिडकी इतकी उंच की खुर्चीत बसून तिला फक्त समोरचं छप्पर दिसायचं. तिने सज्ज्यासाठी अर्ज केला, मी तो फेटाळला. आपल्या पेठेचा नियम शाळेतल्या पोरालाही पाठ आहे: पूर्वी होतं ते परत करता येतं, पूर्वी नव्हतं ते करता येत नाही. आणि मग दोन महिन्यांत तुझा नकाशा आला. पूर्वी होतं! मी सही केली, सज्जा झाला.

खोटं आहे ते. तू जुना कागद मिळवलास, शाई फिकी केलीस, मोजणीदाराचं अक्षर गिरवलंस. आणि फसलीस कुठे, तर आपल्या स्वतःच्या दारात. मोजणीदाराने तीन पायऱ्या डोळ्यांनी बघितल्या असत्या. तू त्या दोनच काढल्यास, ज्यांवर बसून आपण दोघी पाय हलवायचो.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

सतरा तारखेला जतन समितीची बैठक आहे. नकाशा कोणी बनवला ते मला लेखी द्यावं लागेल. तुझं नाव गेलं की समिती तुझ्या संग्रहालयाला कळवणार, आणि नकाशे सांभाळायच्या खुर्चीत नकाशे बनवणारीला कोण बसू देईल? तुझी नोकरी जाईल. धमकी म्हणून लिहीत नाही, होणार ते सांगते आहे. त्याआधी तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. उलट टपाली लिही.

ताई

८ मार्च

रेघोटी,

तुझं पत्र नाही. बरं.

मी आईला सांगितलं. ती गॅलरीत बसली होती, मांडीवर शिवणाचा डबा. (कागदोपत्री तो सज्जा आहे, पण आईने त्याला आयुष्यात सज्जा म्हटलेलं नाही. ‘सज्ज्यात राण्या बसतात, मी बटणं लावते.’)

मी म्हटलं, “आई, तो नकाशा खोटा होता.”

“कुठला गं?”

“ह्या गॅलरीचा.”

“हो. जरा सुई ओवून दे, मला दिसेना.”

मी सुई हातात धरून उभीच राहिले. “तुला माहीत होतं?”

“माझ्यासमोर तर काढला तिने. त्या टेबलावर, दोन दुपारी बसून. खालचे टेकू कसे काढू म्हणून विचारत होती. जुन्या वळणाचे हवेत, पण शेजारच्यांचे उचलले तर ताई ओळखेल, म्हणाली. मी म्हटलं, माझ्या मशीनचा पाय बघ की. छान वळसा आहे.”

रेघोटी, मी मान वळवून कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघितलं. लोखंडी पाय. वेलीसारखा वर जाणारा, वर दोनदा वळणारा. लहानपणी त्या पायाला पाय लावून मी अभ्यास केला आहे.

आणि मी पुस्तिकेत काय लिहिलंय माहीत आहे? ‘पेठेतील घरमालकांसाठी मार्गदर्शिका’, पान बावीस, नमुना क्रमांक तीन. ‘टेकूंचा दुहेरी वळसा हे या पेठेचे खास वैशिष्ट्य असून तो अन्यत्र आढळत नाही.’ अन्यत्र आढळत नाही! जगातल्या निम्म्या घरांत आढळतो, फक्त त्याच्यावर कपडे शिवतात. बाहेरगावचे विद्यार्थी येऊन तो टेकू वहीत उतरवून नेतात. गेल्या वर्षी एकाने त्याच्यावर प्रबंध लिहिला आणि माझे आभार मानले.

आई हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला हसू आलं नाही.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर नोटीस आली असती. टाइप केलेली.” आणि तिने औषधांच्या डब्याखालून घडी काढून माझ्यासमोर धरली. माझंच पत्र. ‘अर्जदारास कळविण्यात येते की, आपला विनंतीअर्ज नियमात बसत नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे.’ चार वर्षं डबा डगमगू नये म्हणून ते तिथे घालून ठेवलंय तिने. मी त्या वेळी तिला तोंडी सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे. आई वर आणि मी खाली, मध्ये सोळा पायऱ्या, आणि मी ते पोस्टाने पाठवलं. नियमाने अर्जदाराला पोस्टानेच कळवायचं असतं.

मग सुताराला गाठलं. तो म्हणाला, “बाई, भिंत कोरी होती. पूर्वी सज्जा असता तर तुळया घुसवायची भोकं असती की भिंतीत, बुजवलेली का होईना. एक नव्हतं. मी म्हटलं, असेल काहीतरी तुमचं.” पुढे आणखी काही पुटपुटला, ते मी नीट ऐकलं नाही.

म्हणजे आईला माहीत, सुताराला माहीत. आणि ज्या बाईला या पेठेतली वीट न् वीट ओळखते म्हणून लोक भितात, तिच्याच डोक्यावर अळीमिळी गुपचिळी चालली होती. मी रोज त्या सज्ज्याखालून कामावर जायचे गं. वर बघून.

अजून नऊ दिवस आहेत. लिही.

ताई

१२ मार्च

आज घड्याळजी ऑफिसात आला. आपल्या समोरचा. हातात माझी मार्गदर्शिका, पान बावीस दुमडलेलं.

तुझ्या मागे काय काय झालं ते तुला माहीत नसेल. त्याची दर्शनी भिंत वाऱ्याने पडली तेव्हा दुरुस्तीचा परवाना मागायला तो आला होता. त्याच्या घराच्या नकाशाचा वरचा भाग वाळवीने खाल्लेला. मी म्हटलं, तुमच्या घराची धाटणी समोरच्या घरासारखीच आहे, म्हणजे सज्जा असणारच. नमुना क्रमांक तीनप्रमाणे बांधा, मगच परवाना. तो घसा कोरडा करून सांगत होता, बाई, आमच्याकडे कधी गॅलरी नव्हती. मी ऐकलं नाही.

आज तो म्हणाला, “माझ्या बापाने, आजाने कधी जिथे पाऊल ठेवलं नाही तिथे मी आता कबुतरं सांभाळतो. पेठेत कुजबुज आहे की तुमच्याच घराचा कागद खोटा. खरं काय ते तुम्ही सांगा.”

“चौकशी चालू आहे,” मी म्हटलं.

“चौकशी करणारं कोण?”

“मी.”

त्याने पुस्तिका मिटून बगलेत घातली. मग म्हणाला, “बरं आहे,” आणि गेला. मला तो ओरडला असता तर परवडलं असतं.

एका खोट्या घरापायी मी दुसरं घर खोटं केलं. हे तू केलंस. तुझ्या पेन्सिलीने. मी बावीस वर्षं या पेठेत एक खिडकी इकडची तिकडे होऊ दिली नाही, लोकांचे शिव्याशाप खाल्ले, लग्नकार्यात कोपऱ्यात बसले कारण बोलायला कोणी येत नाही. माझ्याकडे माझा शब्द सोडून दुसरं होतं काय? तोही घरातल्यांनीच काढून नेला.

तुझ्या पत्राची वाट बघणं आता सोडलं आहे.

ताई

१८ मार्च

रेघोटी,

काल मी तुझं नाव दिलं.

तुला अध्यक्ष आठवत असतील, आपले दंतवैद्य. समितीतही ते तोंड उघडायला लावतात आणि मग आपण बोलायच्या आत स्वतःच बोलतात. काल मात्र गप्प होते. मी उभं राहून सगळं सांगितलं. गटार, तिसरी पायरी, दोन पायऱ्यांचा नकाशा. तो रेकॉर्ड रूममध्ये कोणी आणून ठेवला. ‘माझ्या धाकट्या बहिणीने,’ मी म्हणाले. ‘माझी फसवणूक झाली,’ म्हणाले.

कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. अध्यक्ष म्हणाले, “आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाई, बसा तुम्ही.” एवढा मान मला त्या खोलीत बावीस वर्षांत मिळाला नव्हता. बाहेर पडताना दोन जणांनी दार धरलं.

तुला खुलासा मागवणारं पत्र आज गेलं, पंधरा दिवसांची मुदत आहे. सज्ज्याचं काय करायचं ते खुलासा आल्यावर ठरेल. तो उतरवावा लागेल असंच सगळ्यांचं मत दिसलं, आईच्या वयाचा विचार करून कोणी मोठ्याने म्हटलं नाही एवढंच.

तू म्हणशील, सख्ख्या बहिणीचं नाव घेताना जीभ कशी रेटली? रेटली. कारण तू तरी जाताना काय केलंस? ऑफिसातली कायमची जागा तुला मिळाली नाही म्हणून एका सकाळी पेटी उचललीस आणि गेलीस. मी दारात उभी होते, माझ्या अंगावरून गेलीस. वर जाऊन आईच्या पाया पडलीस आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस. सगळ्यांना वाटलं, रागीट पोर आहे, होईल शांत. मलाही वाटू दिलं तसं.

हे लिहिताना तरी खोटं नको. निवड समितीत मी होते, हे तुला माहीत आहे. नातं आहे म्हणून मी मत दिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले, आईलासुद्धा. ते खरं नाही. यादीत तुझं नाव पहिलं होतं. ते मी खोडलं. कोणी कारण विचारलं तर म्हटलं, ‘मला तिच्या कामाची खात्री देता येत नाही.’

का खोडलं ते आज नको. पत्र लांबलं.

ताई

३० मार्च

रेघोटी,

आईने गॅलरीचं दार लावून घेतलं आहे. कडी घालून. खुर्ची आत ओढून भिंतीकडे तोंड करून बसते. मी म्हटलं, अजून काही निर्णय झालेला नाही, तू बाहेर बस. तर म्हणाली, “नको. तुझ्या कायद्याला त्रास नको.” त्यानंतर बारा दिवसांत माझ्याशी बोलली ती फक्त औषधाच्या वेळेला. गोळी दे, पाणी दे. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबतात आणि वर बघतात. रोज तिच्याशी दोन शब्द बोलायची सवय झालेली ना त्यांना. पोस्टमन, शाळेतल्या बाई, घड्याळजीसुद्धा. मला वाटायचं त्या सज्ज्यात बसून आई रस्ता बघते. आता कळलं, रस्ता तिला बघायला यायचा.

तू गेलीस त्या दिवशीही ती अशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेव्हाही मी काही विचारलं नव्हतं.

एक गोष्ट पहिल्या पत्रात मी फिरवून लिहिली, ती सरळ करते. तिसरी पायरी मी शोधून काढली नाही. निघाल्याबरोबर मी मुकादमाला म्हटलं, “माती ओढून घ्या, पाइप टाका, उशीर होतोय.” त्याने ओढलीही असती. पण पालिकेचा इंजिनीअर तिथे उभा होता आणि त्याच्या हातात पेठेच्या नकाशांची प्रत होती. तो म्हणाला, “थांबा, थांबा. बाई, यात दोन दाखवल्यात आणि इथे तीन कशा?” त्याने विचारलं नसतं तर हे सगळं मी लिहीतही बसले नसते. मी जे केलं ते नाइलाजाने केलं, आणि तुला लिहिताना ते तत्त्वाने केलं असा आव आणला.

बावीस वर्षांत मी कधी कोणाला माती ओढा म्हटलं नव्हतं.

ताई

९ एप्रिल

रेघोटी,

तुझा खुलासा आला. मला नाही, समितीला. मला एक ओळ लिहिली नाहीस, पण माझ्याबद्दल लिहिलंस.

अध्यक्षांनी दवाखान्यात बोलावून तो माझ्या हातात दिला. ‘सदर नकाशा मी एकटीने तयार केला. जतन अधिकारी, ज्या माझ्या थोरल्या बहीण आहेत, त्यांना याची कल्पना नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, इतकाच त्यांचा दोष. होईल ती कारवाई मला मान्य आहे.’ खाली तारीख, सही. स्वच्छ अक्षर. एक खाडाखोड नाही.

अध्यक्ष खुशीत होते. म्हणाले, “पोरगी सरळ आहे हो. आता तुम्ही फक्त खाली लिहा, ‘पडताळले, बरोबर आहे.’ की प्रकरण मिटलं. तुमच्यावर काही नाही. आईंचं वय बघून सज्जाही आपण तात्पुरता म्हणून राहू देऊ, मी समितीत बघतो. तिच्या संग्रहालयाला तेवढं कळवावं लागेल. पण ती तर कबूलच करतेय.”

त्यांनी पेन दिलं. बाहेर बाकावर कोणीतरी गाल धरून बसलं होतं. मी म्हटलं, घरी जाऊन लिहिते.

घरी आणून तो कागद मी चार वेळा वाचला. रेघोटी, तू माझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटा कागद केलास.

मला माहीत होतं. तुला माहीत होतं की मला माहीत होतं. तू तो नकाशा माझ्या टेबलावर ठेवलास, मी भिंग घेऊन वाकले, आणि पहिल्या रेघेला ओळखलं. सरळ रेघ संपवताना तू पेन्सिल हळूच उचलतेस, शेवट निमुळता होतो. लहानपणी ती खोड मोडावी म्हणून मी तुझ्या बोटांवर पट्टी मारायचे. ज्या रेघेसाठी मी तुला मारलं ती मी ओळखणार नाही? कागद नाकाशी धरायचीही गरज नव्हती. मी मान वर केली. तू माझ्याकडे बघत होतीस. तू वाट बघत होतीस, मी काय म्हणते याची. मी भिंग खणात ठेवलं आणि लिहिलं: ‘पडताळले, बरोबर आहे.’

भिंत फोडली तेव्हाही मी तिथे होते. सुतार गेल्या महिन्यात काय पुटपुटला ते मी चांगलं ऐकलं होतं. तो म्हणाला, “तुम्ही तर शेजारीच उभ्या होतात, बाई.” कोरी भिंत मी बघितली आणि म्हटलं, चालू द्या.

मला आईला ती गॅलरी द्यायची होती गं. तुझ्याइतकीच. फक्त देणारी मी आहे असं दिसायला नको होतं. तू माझं काम केलंस आणि मी तुला ते बोलून दाखवू दिलं नाही. मग जागा निघाली, आणि यादीत तुझं नाव पहिलं आलं, आणि मला भीती वाटली. ती इथे राहिली तर रोज समोर बसेल, रोज माझ्याकडे बघेल. मी मनाशी म्हटलं, खोटी रेघ काढणारीला रेकॉर्ड रूमची किल्ली कशी द्यायची? किती तत्त्वाचं वाटलं होतं ते मला. सज्जा ठेवून घेतला आणि तुला घालवलं.

म्हणून तू जाताना माझ्याकडे बघितलं नाहीस. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तीन वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की बहीण रागीट आहे. आणि गेला महिनाभर तुला पत्रं लिहून सांगत राहिले की मला फसवलं. इतकं मनापासून लिहिलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं. समितीत पाण्याचा ग्लास हातात घेतला तेव्हा तर माझे डोळे भरून आले होते.

तुझ्या खुलाशाखाली मी आज लिहिलं: ‘पडताळले. यातील दुसरे वाक्य खोटे आहे. नकाशा बनावट असल्याचे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते व ते माहीत असून मी तो खरा ठरवला. घड्याळ दुरुस्ती करणाऱ्या समोरच्या घरमालकांवर सज्ज्याची सक्ती मी केली, ती चुकीची होती.’ खाली सही, हुद्दा, तारीख. कागद दवाखान्यात नेऊन दिला.

अध्यक्षांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. म्हणाले, “तुमची नोकरी जाईल. आईंची गॅलरीही जाईल, आता मला काही करता येणार नाही. आणि याने तुमच्या बहिणीची नोकरी वाचेल असंही नाही.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

“मग कशासाठी?”

खुर्चीवर पुढचा पेशंट येऊन बसला होता, मी निघाले.

आईला येऊन सगळं सांगितलं. यादीतलं नाव खोडल्याचंही. ती ऐकत होती. मला वाटलं, आता भिंतीकडे वळेल. ती म्हणाली, “मला गॅलरी नको होती. मला तुम्ही दोघी एका घरात हव्या होतात. गॅलरी झाली नि एक गेली.” मग म्हणाली, “लिही तिला. सगळं लिही. तुझ्या त्या ऑफिसच्या भाषेत लिहू नकोस.”

म्हणून लिहिते आहे. उत्तर दे असं म्हणणार नाही, ते मागायचं तोंड मला राहिलेलं नाही.

तुझ्या संग्रहालयाच्या प्रमुखांनाही आज वेगळं पत्र टाकलं. समितीचं पत्र जाईल त्याच्या आधी माझं पोचावं. फार काही लिहिलं नाही. लिहिलं की नकाशा हिने काढला हे खरं आहे. तिची आई चार भिंतींत कोंडली होती आणि अर्ज फेटाळणारी मी होते. तो कागद नुसता कागद होता. त्याच्यावर सही पडली तेव्हा तो खोटा नकाशा झाला, आणि ती सही माझी आहे. त्यांना हे किती पटेल माहीत नाही, पण माझं बावीस वर्षांचं काम त्यांना ठाऊक आहे, आणि या कामात मी जे शेवटचं पडताळून दिलं ते हे.

तुझी
ताई